बंदुकीवरची अमेरिकन गाणी आणि ती ऐकणारे लोक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी ओहायोच्या ईशान्य भागात राहते. इथल्या मराठी मंडळात एका संध्याकाळी बंदुकीविरुद्धच्या अमेरिकन गाण्यांवर तासभर बोलले आणि तेव्हापासून प्रश्न येतच आहेत. मंडळातले आईबाप विचारतात, पुण्या-नागपूरचे मित्र विचारतात, भाचरं तर रात्री-अपरात्री मेसेज टाकतात. पुन्हा पुन्हा तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. एक आधीच सांगते : या पानावर एकाही मारेकऱ्याचं नाव नाही. का, ते खाली येईलच.

कुठून सुरुवात करू? एकच गाणं सांगा.

'ओहायो'. नील यंग यांनी लिहिलेलं आणि क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग या चौघांनी १९७० मध्ये गायलेलं. जेमतेम तीन मिनिटांचं आहे.

३० एप्रिल १९७० ला, व्हिएतनाम युद्धाच्या ऐन काळात, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कंबोडियात फौजा घातल्याचं जाहीर केलं आणि देशभरच्या विद्यापीठांत पोरं रस्त्यावर आली. ४ मे ला दुपारी केंट स्टेट विद्यापीठात ओहायो नॅशनल गार्डच्या (राज्याच्या राखीव सैन्याच्या) जवानांनी १३ सेकंदांत साठाहून जास्त गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी गेले, नऊ जखमी झाले. गेलेल्यांपैकी दोघं निदर्शनात नव्हतीच, वर्गाकडे निघाली होती. 'लाइफ' मासिकातले फोटो यंग यांच्या हातात पडले आणि त्यांनी गिटार घेऊन गाणं रचलं. २१ मे ला लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत ते ध्वनिमुद्रित झालं, जूनमध्ये रेकॉर्ड दुकानात होती. आज फोनवरून दोन मिनिटांत गाणं चढवता येतं, त्यामुळे या घाईचं आपल्याला काही वाटत नाही. त्या वेळी जखमी विद्यार्थ्यांचे टाकेही अजून ओले असतील.

गाण्याच्या शेवटी डेव्हिड क्रॉस्बी 'अजून किती' असं ओरडत राहतात, तो भाग लक्ष देऊन ऐका. हे झाल्यावर क्रॉस्बी रडले, असं यंग यांनीच नंतर लिहून ठेवलंय.

केंट आमच्याकडून तासाभराच्या अंतरावर आहे. मागच्या उन्हाळ्यात लेकीला घेऊन गेले होते. प्रेंटिस हॉलच्या पार्किंगमध्ये चार जागी कोणालाच गाडी लावता येत नाही. जिथे ते चौघं पडले, तेवढा चौकोन ग्रॅनाइट आणि बुटके दिव्याचे खांब लावून राखून ठेवलाय. बाकीचं पार्किंग रोजच्यासारखं चालू असतं. गाड्या येतात, जातात, त्या चार जागा सोडून उभ्या राहतात. वर टेलर हॉलजवळ एक पोलादी शिल्प आहे. त्याच्या जाड पत्र्यातून त्या दिवशीची एक गोळी आरपार गेली, ते भोक अजून तसंच ठेवलंय. लेकीनं त्यात बोट घातलं आणि चटका बसावा तसं बाहेर काढलं. "आई, कडा गुळगुळीत आहेत," एवढंच म्हणाली. पन्नास वर्षं लोक तिथे बोट घालतायत.

तेव्हाच्या लोकांना हे गाणं आवडलं होतं का?

आता निषेधगीतांची कुठलीही यादी काढा, 'ओहायो' वरच्या ओळीत असतं. तेव्हा मात्र अनेक एएम रेडिओ केंद्रांनी ते लावायला नकार दिला, कारण त्यात चालू राष्ट्राध्यक्षांचं नाव घेतलं होतं. एफएमवाल्यांनी लावलं. त्या जोरावर ते बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १४ व्या क्रमांकापर्यंत चढलं.

सगळ्यात बोचरी टीका केंटमधूनच आली. पुढे 'डेव्हो' हा बँड काढणारे जेराल्ड कॅसाले त्या दिवशी तिथे होते, मेलेल्यांपैकी दोघांना ते ओळखत होते. आमच्यावर जे गुदरलं त्यावर श्रीमंत हिप्पी पैसे करतायत असं आम्हाला तेव्हा वाटलं, अशा अर्थाचं डेव्होच्या मंडळींनी नंतर सांगितलंय. मला ती टीका गाण्याला लागू पडते असं वाटत नाही. पण ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि अशा माणसाशी चाल किती छान आहे यावर वाद घालायला मी तरी जाणार नाही.

अशा गाण्याचं बरंवाईट तुम्ही कसं ठरवता? चालीवर, शब्दांवर, की विषयावर?

मी एक गोष्ट बघते : गोळी लागलेला माणूस गाण्यात कुठे आहे? काही गाणी मारणाऱ्याच्या डोक्यात शिरतात. काही प्रेतापाशी थांबतात. काही आईच्या तोंडून बोलतात, एक तर चक्क बंदुकीच्या तोंडून बोलतं. 'ओहायो' ऐकणाऱ्यालाच विचारतं की जमिनीवर पडलेली मुलगी तुझ्या ओळखीची असती तर तू काय केलं असतंस. आकड्यातून एक माणूस उचलून ते तुमच्या पुढ्यात आणून ठेवतं.

समीक्षकांची भांडणं वरवर राजकारणाची दिसतात. खोलात गेलं की बहुतेक वेळा ती याच प्रश्नाशी येऊन थांबतात.

'आय डोन्ट लाइक मंडेज' पण याच यादीत आहे? मला तर ते ऑफिसला जायच्या कंटाळ्याचं गाणं वाटायचं!

हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा आलाय आणि दर वेळी पोटात कालवतं. दोष विचारणाऱ्याचा नाही. गाण्याचाच स्वभाव तसा आहे.

२९ जानेवारी १९७९ ला सॅन दिएगोत एका सोळा वर्षांच्या मुलीनं घरातून समोरच्या प्राथमिक शाळेवर रायफल चालवली. मुलांना वाचवायला धावलेले मुख्याध्यापक आणि शाळेचे शिपाई मारले गेले, आठ मुलं आणि एक पोलीस जखमी झाले. का केलंस असं विचारल्यावर तिनं सोमवार आवडत नाही असं उत्तर दिलं. आयरिश बँड 'बूमटाउन रॅट्स'चे बॉब गेल्डॉफ तेव्हा अटलांटात विद्यार्थ्यांच्या एका रेडिओ केंद्रावर मुलाखत देत होते, ही बातमी तिथल्या टेलेक्सवर आली. त्याच वर्षी गाणं आलं आणि ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. अमेरिकेत मुलीच्या घरच्यांनी विरोध केला, रेडिओ बिचकला, गाणं पहिल्या चाळिसातही गेलं नाही.

पियानो सुंदर आहे, यात वाद नाही. मुलीला शहाणं करायलाही गाणं जात नाही, उलट कारण सापडत नाही हेच ते पुन्हा पुन्हा सांगतं. कौतुक करणाऱ्यांनी नेमकं हेच उचलून धरलं. माझी तक्रार वेगळी आहे. ध्रुवपद म्हणून निवडलं ते मारणारीचं वाक्य. पंचेचाळीस वर्षं जगभरचे लोक ते गुणगुणतायत, टी-शर्टवर छापतायत. आणि मुलांकडे धावलेल्या त्या दोन माणसांची नावं? सॅन दिएगोबाहेर कोणाला ठाऊक आहेत?

२०१२ मध्ये कोलोरॅडोतल्या ऑरोरा इथे सिनेमागृहात गोळीबार झाला. त्यानंतर मृतांच्या आईवडलांनीच माध्यमांना विनवायला सुरुवात केली की मारेकऱ्याचं नाव आणि चेहरा मिरवू नका. मी या पानावर नावं टाळली ती त्यांच्यामुळे.

एक गोष्ट मात्र या गाण्याच्या बाजूनं सांगायलाच हवी. १३ जुलै १९८५ ला 'लाइव्ह एड'च्या वेळी, इथिओपियातल्या दुष्काळासाठी वेम्बलीत गाताना, आजचा धडा मरणाचा आहे अशा अर्थाच्या ओळीवर गेल्डॉफ मूठ उंचावून थांबले. ती शांतता ऐकून पाहा. शाळेवरचं गाणं त्या क्षणी उपाशी मुलांचं झालं होतं.

माझा मुलगा 'पम्प्ड अप किक्स' शिट्टीवर वाजवत फिरतो. बंद करायला सांगू का?

नका सांगू. शब्द वाचायला सांगा, आणि वाचताना शेजारी बसा.

'फॉस्टर द पीपल'चे मार्क फॉस्टर हे गाणं लिहिताना जाहिरातींसाठी जिंगल करत होते. चाल डोक्यात कशी रुतवायची हे त्यांना नोकरीनंच शिकवलं होतं. २०११ मध्ये गाणं बिलबोर्डवर तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि आठ आठवडे तिथून हललं नाही. मॉलमध्ये वाजलं, लग्नांत वाजलं. शब्दांत एक एकटा पडलेला पोरगा बापाची बंदूक शोधून काढतो आणि भारी बूट घालणाऱ्या पोरांना पळायला सांगतो. बँडच्या बास वाजवणाऱ्याची नात्यातली बहीण १९९९ च्या कोलंबाइन हायस्कूलच्या हल्ल्यातून वाचलेली. म्हणजे विषय या मंडळींच्या घरात येऊन गेला होता.

समीक्षकांत उभी फूट पडली. एका बाजूचं म्हणणं असं की गोड चाल हाच सापळा आहे. तुम्ही नाचता, मग शब्द ऐकू येतात, मग तुमची तुम्हालाच लाज वाटते. दुसरी बाजू म्हणाली की शब्द ऐकू येतच नाहीत, लोक नुसते नाचतात. १४ डिसेंबर २०१२ ला सँडी हूकच्या प्राथमिक शाळेत २६ जण मारले गेले, त्यातली २० लहान मुलं. त्या आठवड्यात अनेक रेडिओ केंद्रांनी हे गाणं गुपचूप काढून टाकलं. पुढे फॉस्टर स्वतःच म्हणाले की हे गाणं आता गायचं थांबवावं असं मनात येतं. शाळांत गोळीबार होत राहिले तसतसं लोकांनी त्या गाण्याला वेगळ्याच गोष्टीशी जोडलं होतं.

मी दोन्ही बाजू मनात घोळवून पाहिल्या आहेत. सापळ्याचं म्हणणं कागदावर पटतं. पण सापळा लावला आणि त्यात कोणी अडकलंच नाही, तर तो सापळा कसला? या गाण्यात मेलेलं कोणी नाही. पळणारे बूट तेवढे आहेत.

'जेरेमी'चा व्हिडिओ मी लहानपणी एमटीव्हीवर पाहिला होता. त्यात मुलगा वर्गातल्या सगळ्यांना मारतो ना?

नाही. आणि हा गैरसमज कसा झाला ते समजून घेण्यासारखं आहे.

१९९१ च्या जानेवारीत टेक्ससमधल्या एका मुलानं वर्गात स्वतःचा जीव घेतला. वर्तमानपत्रातला छोटासा मजकूर वाचून 'पर्ल जॅम'चे एडी व्हेडर यांनी गाणं लिहिलं. मार्क पेलिंग्टन यांनी केलेल्या व्हिडिओच्या शेवटी मुलाच्या हातातली बंदूक दिसत होती. एमटीव्हीला ते चालेना. ते दृश्य कापलं गेलं आणि उरलं काय, तर मुलाचा चेहरा आणि मग रक्तानं माखलेली, गोठून गेलेली वर्गातली मुलं. बघणाऱ्यांनी साहजिकच उलटा अर्थ लावला. हिंसा दिसू नये म्हणून लावलेल्या कात्रीनं मेलेल्या पोराला खुनी ठरवलं.

या व्हिडिओला १९९३ मध्ये एमटीव्हीचीच चार पारितोषिकं मिळाली. बँडनं मात्र त्यानंतर कित्येक वर्षं व्हिडिओच केला नाही. न कापलेला व्हिडिओ त्यांनी २०२० च्या जूनमध्ये खुला केला, बंदूक-हिंसेविषयी जागृतीचा जो दिवस इथे पाळतात त्या दिवशी.

मला हे गाणं महत्त्वाचं वाटतं त्याचं अजून एक कारण आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीनं ४८,८३० माणसं गेली आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. शाळेतले, मॉलमधले सामूहिक गोळीबार या संख्येचा अगदी लहान भाग आहेत. गाणी मात्र जवळजवळ सगळी त्यांच्यावरच. घरात, बंद दाराआड, कपाटातल्या बंदुकीनं जे होतं त्यावर गाणारे फार थोडे, आणि त्यावर लिहिणारे समीक्षक त्याहून थोडे.

पोलिसांच्या गोळीबारावरची गाणी यात धरायची का?

धरायचीच. 'ओहायो' तरी कशावर आहे? तिथेही बंदूक सरकारचीच होती.

४ फेब्रुवारी १९९९. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्समध्ये अमादू दियालो हा गिनीहून आलेला २३ वर्षांचा तरुण आपल्या इमारतीच्या दारात उभा होता. साध्या वेशातल्या चार पोलिसांनी त्याच्यावर ४१ गोळ्या झाडल्या, १९ लागल्या. त्याच्या हातात पाकीट होतं. वर्षभरानं चौघंही निर्दोष सुटले.

ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी जून २००० मध्ये अटलांटात 'अमेरिकन स्किन (४१ शॉट्स)' पहिल्यांदा गायलं. पुढच्याच आठवड्यात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांचे दहा कार्यक्रम होते. पोलिसांच्या संघटनेनं सभासदांना तिथल्या बंदोबस्ताची जादा कामं घेऊ नका असं सांगितलं, एका पोलीस पदाधिकाऱ्यानं स्प्रिंगस्टीनना जाहीर शिवीगाळ केली, प्रेक्षकांतूनही हुर्यो उठली. बहुतेक लोक चिडले तेव्हा गाणं रेकॉर्डवर आलेलंही नव्हतं. न ऐकताच चिडले म्हणायचे.

कारण ऐकलं असतं तर कळलं असतं की गाण्याची सुरुवात गोळी झाडणाऱ्या पोलिसापासून होते. तो रक्तात पडलेल्या माणसाशेजारी गुडघे टेकून त्याच्या जिवासाठी प्रार्थना करतोय. मग दुसऱ्या कडव्यात एक आई पोराला शाळेत पाठवताना बजावते : पोलिसानं थांबवलं तर नम्रपणे बोल, पळू नकोस, हात दिसतील असे ठेव. गाण्यात राग फार थोडा आहे. भीती आहे, दोन्हीकडची. माझ्या लेखी या सगळ्या गाण्यांत हे पहिलं, 'ओहायो'च्याही वर. आमच्या गल्लीतली एक काळी आई आपल्या मुलाला अंगणात हेच शिकवताना मी पाहिली आहे, हात गाडीच्या स्टिअरिंगवर कुठे ठेवायचे ते. मुलगा सोळाचा, नवीन लायसन्स मिळालेलं. तो हसत होता, ती हसत नव्हती.

'धिस इज अमेरिका' एवढं का गाजलं?

५ मे २०१८ ला डोनल्ड ग्लोव्हर यांनी 'चाइल्डिश गॅम्बिनो' या नावानं हे आणलं. हिरो मुराई यांचा व्हिडिओ, शेरी सिल्व्हर यांनी बसवलेला नाच. थेट पहिल्या क्रमांकावर उतरलं. १० फेब्रुवारी २०१९ च्या ग्रॅमीत चार पारितोषिकं मिळाली, वर्षातलं सर्वोत्तम गाणं आणि सर्वोत्तम रेकॉर्ड ही दोन्ही एका रॅप गाण्याला मिळण्याची ती पहिलीच वेळ. ग्लोव्हर समारंभाला गेलेच नाहीत.

एक रिकामं गोदाम. खुर्चीत अनवाणी बसलेला माणूस गिटार वाजवतोय. ग्लोव्हर नाचत नाचत येतात, कमरेमागून पिस्तूल काढतात आणि त्याच्या डोक्यात गोळी घालतात. तेव्हा त्या माणसाच्या डोक्यावर कापडी पिशवी ओढलेली असते. पुढचे दोन क्षण सावकाश बघा. एक शाळकरी पोरगा लाल कापड घेऊन पळत येतो, पिस्तूल त्यात अलगद घेतो, जपून नेतो. प्रेताला मात्र पाय धरून फरफटत नेतात. थोड्या वेळानं दहा जणांचं चर्चमधलं गायकवृंद मशीनगनसारख्या रायफलीनं कोसळतं आणि तीही रायफल तशीच लाल कापडात जाते. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी नऊ कृष्णवर्णीय माणसं मारली गेली, ते आठवल्याशिवाय हे दृश्य बघता येत नाही.

समीक्षकांनी तर या चार मिनिटांचं पोस्टमॉर्टेमच केलं. पवित्रे कोणत्या जुन्या वर्णद्वेषी चित्रांतून आले, मागचा पांढरा घोडा कशाचा, मधली शांतता १७ सेकंदांची म्हणजे त्याच वर्षी फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत मारल्या गेलेल्या १७ जणांसाठी का, अशी चर्चा आठवडेच्या आठवडे चालली. ग्लोव्हर यांनी अर्थ सांगायला ठाम नकार दिला. २०२३ मध्ये ते एका मुलाखतीत म्हणाले की गाणं सुरू झालं ते दुसऱ्या एका रॅपरची खेचण्यापासून. पुष्कळांचा हिरमोड झाला. माझा झाला नाही. बी कुठलं होतं यावर झाडाची सावली ठरत नाही.

विरोधातही दमदार आवाज होते, आणि त्यातले बरेच कृष्णवर्णीय लेखकांचे. त्यांचा मुद्दा असा की काळ्या माणसाचं मरण आधीच रोज फोनवर बघायला मिळतं, ते अजून एकदा, सूचना न देता, इतक्या देखण्या चौकटीत कशाला? मी हे गाणं मंडळात दाखवलं तेव्हा पहिल्या गोळीला एक आजी खुर्चीतून उठल्या आणि बाहेर गेल्या, पुन्हा आत आल्या नाहीत. तेव्हापासून मी आधी सांगते, काय दिसणार आहे ते.

आणखी एक. व्हिडिओ बंद करून नुसतं ऐकलं तर गाणं निम्मंही उरत नाही.

रॅपमुळेच तर बंदुका वाढल्या ना?

असं म्हणणाऱ्यांनी 'सेल्फ डिस्ट्रक्शन' ऐकलेलं नसतं. १९८७ मध्ये ब्राँक्समध्ये भांडण सोडवायला गेलेला डीजे स्कॉट ला रॉक गोळी लागून मेला. त्याचा संगीतातला जोडीदार केआरएस-वन यानं इतर रॅपरांना गोळा केलं आणि १९८९ मध्ये हे गाणं काढलं, आपसातली मारामारी थांबवा म्हणून. मिळालेले पैसे नॅशनल अर्बन लीग या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिले. आणि १९९६ चं नास या रॅपरचं 'आय गेव्ह यू पॉवर'. यात बोलते ती स्वतः बंदूक. माणसं मारून मारून ती विटलेली आहे. शेवटी ऐन वेळी ती अडून बसते, चालत नाही. धरणारा मरतो. आणि लगेच दुसरा हात तिला उचलतो. बंदुकीवर इतकं नेमकं मी तरी दुसरं काही ऐकलेलं नाही.

जॉनी कॅश यांनी १९५५ मध्ये केवळ मरताना बघायचं म्हणून माणसाला गोळी घातल्याचं गायलं, त्याला कोणी कबुलीजबाब मानलं नाही. रॅपच्या ओळी मात्र अमेरिकन कोर्टांत पुरावा म्हणून वाचल्या जातात. 'धिस इज अमेरिका'च्या शेवटी ज्याचा आवाज आहे तो यंग थग, त्याच्याच खटल्यात २०२३ मध्ये जॉर्जियातल्या न्यायाधीशांनी गाण्यांच्या ओळी मांडायला परवानगी दिली. कॅलिफोर्नियानं २०२२ मध्ये कायदा करून याला आळा घातला.

कंट्री संगीतवाले तर बंदुकीच्याच बाजूचे असतील?

सरसकट नाही. शेरिल क्रो यांनी १९९६ च्या अल्बममधल्या एका गाण्यात मुलं वॉलमार्टमधून आणलेल्या बंदुकीनं एकमेकांना मारतायत अशी ओळ घातली. वॉलमार्टनं अल्बम विकायलाच नकार दिला. देशातलं सगळ्यात मोठं रेकॉर्डचं गिऱ्हाईक तिथे जायचं, तरी त्यांनी ओळ बदलली नाही.

१ ऑक्टोबर २०१७ ला लास वेगासच्या कंट्री महोत्सवावर हॉटेलच्या खिडकीतून गोळीबार झाला, साठ माणसं गेली. जोश ॲबट बँडचे गिटारवादक केलेब कीटर यांनी दुसऱ्या दिवशी लिहिलं की आजवर मी बंदुकीच्या हक्काचा कट्टर समर्थक होतो आणि मी चुकत होतो. बँडच्या माणसांकडे परवान्याच्या बंदुका होत्या, त्यांचा काही उपयोग झाला नाही.

त्या रात्री रंगमंचावर गात होते जेसन आल्डीन. २०२३ मध्ये त्यांचं 'ट्राय दॅट इन अ स्मॉल टाउन' आलं. आजोबांनी दिलेली बंदूक, ती काढून घ्यायला येणार म्हणतात, आमच्या गावात येऊन तर बघा, असा सूर. व्हिडिओ टेनेसीतल्या ज्या कोर्टासमोर केला, तिथे १९२७ मध्ये एका कृष्णवर्णीय तरुणाला जमावानं फासावर लटकवलं होतं. कंट्री संगीताच्या सीएमटी वाहिनीनं तो व्हिडिओ दाखवणं बंद केलं. गाण्यात वंशाचा उल्लेखही नाही असं आल्डीन म्हणाले. सामूहिक गोळीबारातून वाचलेल्या माणसानं तरी असं गाऊ नये, असं ज्यांनी सुनावलं त्यांत शेरिल क्रो होत्या. गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. टीका झाली की गाणं पडतं, हा समज या गाण्यानं पार मोडला.

आपल्याकडे असं काही आहे का?

आपल्याकडे दुकानात रायफल मिळत नाही, त्यामुळे आपली गाणी सरकारी गोळीची. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनला मोर्चावर गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर माणसं गेली, आणि अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गव्हाणकर यांच्या डफानं तो लढा गिरणगावापासून खेड्यांपर्यंत पोचवला. आमच्या आजोबांना हुतात्मा चौकावरून जाताना बोलणं थांबवायची सवय होती.

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. शाहीर विलास घोगरे यांना ते सोसलं नाही, चार दिवसांनी त्यांनी स्वतःचं जीवन संपवलं. त्यांच्या गाण्याचा धागा धरून आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षं चित्रण करून 'जय भीम कॉम्रेड' केला. 'अमेरिकन स्किन'वर लिहिणाऱ्या अमेरिकन समीक्षकांना हा चित्रपट दाखवावा असं मला फार वाटतं.

या गाण्यांनी एखादा कायदा बदलला?

थेट नाही. पार्कलंडच्या शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ ला १७ जण गेल्यावर तीन आठवड्यांत फ्लोरिडानं बंदूक विकत घ्यायचं वय २१ केलं, ते मुलांनी राजधानीत जाऊन आमदारांना गाठलं म्हणून. तिथल्या दोन विद्यार्थिनींनी 'शाइन' हे गाणं लिहिलं. २४ मार्चला वॉशिंग्टनच्या मोर्चात जेनिफर हडसन गायल्या, ज्यांची आई, भाऊ आणि भाचा दहा वर्षांपूर्वी बंदुकीनं गेले होते. पण त्या दिवसाचं लोकांना काय आठवतं विचाराल, तर त्याच शाळेतून वाचलेल्या एक्स गोन्झालेझ यांचं भाषण. नावं वाचून झाल्यावर आलेलं मौन. भाषण आणि मौन मिळून ६ मिनिटं २० सेकंद, शाळेत गोळ्या चालल्या तेवढाच वेळ. लाखोंच्या गर्दीत हुंदके ऐकू येत होते.

तुम्हाला स्वतःला सगळ्यात जास्त हलवून गेलेलं गाणं कोणतं?

ते कोणा गायकाचं नाही आणि त्यावर कुठल्याही समीक्षकानं संगीताच्या पानावर लिहिलेलं नाही.

२०१८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या समरव्हिल गावच्या बालवाडीतल्या एका तक्त्याचा फोटो पसरला. रंगीत अक्षरांत, 'ट्विंकल ट्विंकल लिटल स्टार'च्या चालीवर सहा ओळी. दार लावा, दिवे बंद करा, बोलू नका. टेबलामागे लपा, सगळं ठीक होईपर्यंत थांबा. संपलं आता, चला खेळू या.

माझी लेक तेव्हा पाच वर्षांची होती. तिच्या शाळेत तक्ता नव्हता, पण बंदूकवाला आला तर लपायची कवायत होती. त्या संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते आणि ती ओट्याखालच्या कपाटात शिरून बसली. दार ओढून घेतलं. मी हाक मारली तर आतून फुसफुसत म्हणाली, "आई, श्श. अजून झालं नाहीये."